चाळीनं निवडलेलं बी

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी केली तेव्हा गावानं माझं कौतुक केलं. एक दिवस नाही, चांगलं वर्षभर केलं. चूक झाल्या झाल्या चापट बसली असती तर मी लवकर शहाणी झाले असते, पण कांद्याच्या बियात तशी सोय नाही.

माझं माहेर मिरजगावचं. हमरस्त्याला लागून वडलांचं किराणा दुकान होतं, त्यामुळे मला कांदा माहीत होता तो गोणीतला. डी.एड. केलं, शिक्षक भरतीची वाट बघून कंटाळले, लग्न झालं आणि पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात येऊन पडले. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीला जाणारा. आठ दिवस दिवसपाळी, आठ दिवस रातपाळी आणि उरलेल्या वेळात झोप. शेत बघायचे ते सासरे. त्यांना मी मामा म्हणते. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात मला शिकवणारे मामाच, आणि मामा म्हणजे दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. मी तेवढी एका दमात बोलते.

आमचं घर आसपासच्या दोन-चार वस्त्यांवर एकाच गोष्टीसाठी ओळखलं जायचं, ते म्हणजे घरचं गावरान कांद्याचं बी. आमच्या बियाचा कांदा एप्रिलात काढून चाळीत, म्हणजे वारा खेळेल अशा फटीफटीच्या फळ्यांच्या कांदाघरात, घातला की दिवाळीपर्यंत टणक राहायचा. उन्हाळ्यात कांद्याला कुणी विचारत नाही, दिवाळीला विचारतात, म्हणून टिकण्याला किंमत. दसरा झाला की पंधरा-वीस घरची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. मामा डब्यातून मापट्यानं बी काढायचे, समोरच्याच्या फडक्यात ओतायचे आणि वर एक मूठ घालायचे. ती मूठ मापात धरायची नाही, अशी रीत होती.

ज्यांनी कांद्याचं बी धरताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळ्यात काढलेले कांदे दिवाळीच्या सुमारास परत मातीत लावायचे. अशा लावायच्या कांद्याला आम्ही गोट म्हणतो. गोटाला कमरेइतका पोकळ दांडा येतो, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा, आणि ऊन तापायला लागलं की गोंड्यात काळं बी भरतं. ते बी दसऱ्यानंतर पेरायचं, रोप उपटून लावायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचा कांदा बघायचा. म्हणजे आज निवडलेल्या कांद्याचं पोर कसं निघालं हे कळायला दोन वर्षं जातात. त्यात हे बी जगतं वर्षभरच. डब्यात ठेवून दोन वर्षांनी पेरलं तर उगवत नाही. त्यामुळे एखाद्या घरचं बी टिकवायचं तर दर वर्षी न चुकता ते मातीत घालावं लागतं. एक साखळी आहे, आणि ती तुटली की तुटली.

मामांचे हात थरथरायला लागले त्या वर्षी त्यांनी मला सांगितलं, "गोट तूच बघ आता." बस, एवढंच. कसे बघायचे ते काही बोलले नाहीत. पण मी त्यांची पद्धत पाहिलेली होती आणि ती मला अजिबात पटलेली नव्हती. मामा कांदे निवडायचेच नाहीत. सगळा माल चाळीत घालायचे, सडेल तो काढायचे, भाव येईल तसा विकायचे, घरात खायचे, लेकी-सुनांना पाठवायचे, आणि दसऱ्याला चाळीच्या तळाशी जे काही उरेल ते उचलून लावायचे. उरलेले म्हणजे कसे? मध्यम, मान बारीक, टरफलं उडालेले, कशातच नाव घेण्यासारखे नसलेले. मला वाटायचं, हा काय आळशीपणा. चांगला माल विकायचा आणि तळाचा गाळ बियाला धरायचा?

मी डी.एड. झालेली बाई. मी कांदे काढायच्या वेळीच शेतात उतरले. वाफ्यावाफ्यातून फिरून मोठे, गोल, तांब्यासारख्या रंगाचे तेवढे वेचले. त्यांचे प्लास्टिकचे कॅरेट भरून घरात आणले, वारा लागेल अशा जागी ठेवले, आठवड्याला उलथेपालथे केले. मामा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "दसऱ्याला बघू की. आत्ताच काय घाई हाय?"

"मामा, आता जमाना बदललाय," मी म्हणाले. त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली आणि घराकडं वळले.

पहिल्या फेरीत फरक असा काही दिसला नाही, कांदा जरा भरदार झाला इतकंच. त्यातलेही मोठे मी पुन्हा वेचले, आणि दुसऱ्या फेरीचा कांदा निघाला तो मुठीएवढा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या हातातल्या कांद्याचा फोटो फिरला आणि बघायला आलेल्यांनी चाळीत जायच्या आधीच माल उचलला. दसऱ्याला आमच्या ओट्यावर जागा पुरेना. बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला लावलं, तर मी शाळेच्या फळ्यावर खडूनं कांद्याचं चित्र काढून, निवड किती महत्त्वाची असते यावर अर्धा तास बोलले. त्या बैठकीची आठवण झाली की आजही माझे कान गरम होतात.

त्या बैठकीत पुढच्या रांगेत अक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे आमच्या भावकीतल्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा बांध आमच्या बांधाला. नवरा पुण्याला टेम्पो चालवतो, त्यामुळे शेत या एकटीच्या जिवावर. बोलायला तिखट, पण एकदा विश्वास टाकला की मागं वळून न बघणाऱ्या. त्यांनी त्या वर्षी दीड एकर कांदा माझ्या बियाचा लावला. पीक असं आलं की येणारे-जाणारे गाडी थांबवून बघायचे. अक्कांनी नवी चाळ बांधली आणि एकही गोणी न विकता सगळा माल दिवाळीसाठी चाळीत घातला. पत्र्याचं घर काढून स्लॅब टाकायचा, हे त्यांनी त्या कांद्यावर ठरवलं होतं.

भाद्रपदात एका सकाळी अक्कांनी बांधावरून हाक मारली. मी गेले. त्यांनी चाळीची एक फळी काढून ठेवली होती आणि आतून पाणी गळत होतं. सडलेल्या कांद्याचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही. वरचे कांदे हिरवे कोंब काढून बसले होते, खालच्यांना हात लावला की बोटं आत जात होती.

अक्का ओरडल्या नाहीत. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "पावसाचं पानी आत न्हाई गेलं. पत्रा बघितला, सगळा धड हाय. युरिया हात राखून टाकला हुता. मग ह्ये कसं झालं? तू शिकलेली हायेस, तू सांग."

मला उत्तर माहीत होतं. आठ दिवसांपासून माहीत होतं, कारण माझ्या चाळीतही हेच चाललं होतं आणि मी कुणाला न सांगता सडके कांदे पाट्या भरभरून उकिरड्यात पुरत होते. तरी माझ्या तोंडून निघालं, "यंदा हवाच दमट हुती ना, अक्का."

"व्हय? मग वरच्या वस्तीवर दुकानातल्या पॅकेटच्या बियाचा कांदा हाय. त्याला न्हाई लागली ती हवा?"

अक्का फळी परत बसवायला लागल्या. ती बसेना. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुझ्या मामांचं बी म्हणून डोळं झाकून घेतलं हुतं, बाई."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते. भांडणात मी कधी मागं पडलेली नाही. पण या वाक्यावर भांडायला काही नव्हतं. मी घरी आले आणि मोरीत जाऊन हात धूत बसले, किती वेळ ते मला आठवत नाही. लाज वाटली, खूप लाज वाटली. चूक झाली याची वाटलीच, पण मी हवेचं नाव पुढं केलं याची जास्त वाटली.

मामा बाजेवर बसले होते. मी त्यांच्यावरच चिडले. मी म्हणाले, "तुमाला कळत हुतं ना सगळं? मग बोलला का न्हाई?"

"बोललो हुतो की. दसऱ्याला बघू म्हणलं. तू म्हणली जमाना बदललाय."

"एकदाच बोललात. दरडावून सांगायचं ना."

मामा बाजेवर जरा बाजूला सरकले. मग म्हणाले, "खरं सांगू का? मलाबी कुठं ठावं हुतं. आमी काय निवडत हुतो व्हय? इकून, खाऊन, सडून जे राहील ते लावायचं, यवढंच. कांदा टिकायचा, का टिकायचा ते कोन बघतंय. अन् तुझे ते मोठे कांदे बघून मलाबी बरं वाटलं हुतं."

मामांचं इतकं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि ते बोलत असताना मला सगळं लख्ख दिसलं. ज्याला मी आळशीपणा म्हणत होते तीच खरी निवड होती, फक्त ती मामा करत नव्हते, चाळ करत होती. सहा महिने कांद्याला उकाडा, दमट हवा, वजन सगळं सोसायला लावून जो शेवटी टणक राहील त्याचंच बी पुढं जात होतं. मी एप्रिलातच मोठे आणि देखणे उचलले, त्यांना वारा घातला, त्यांच्यावर कुठली वेळच येऊ दिली नाही. मोठ्या कांद्यात पाणी जास्त, मान जाड, ते टिकणार कसे? दोन फेऱ्यांत मी घरचं टिकाऊ बी घालवून देखणं बी तयार केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डबे उघडले. त्या वर्षी धरलेलं बी त्यात भरलेलं होतं, दसऱ्याला द्यायचं. भावकीतले एक दीर सकाळीच येऊन सांगून गेले होते की गावात नको देऊ, लांबच्या बाजारात ने, तिथं कुणाला काय कळतंय. त्यांना मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते बी मी उकिरड्याच्या खड्ड्यात ओतलं आणि वर शेण टाकलं. मग आमचं बी नेणारी सगळीच्या सगळी घरं फिरले. प्रत्येक ओट्यावर उभी राहून सांगितलं की यंदा आमच्याकडं बी नाही, मागच्या दोन फेऱ्यांची निवड चुकली, ती मामांची नाही, माझी चुकली, पॅकेट आणा. दोघा-तिघांनी ऐकवलं. बाकीच्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, असू द्या, शेती आहे, होतं असं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. अक्कांनी परत आमच्या ओट्यावर यायचं, फडकं पसरायचं आणि आमचं बी न्यायचं. त्याला दोन वर्षं लागू देत नाहीतर दहा.

दसऱ्याला आमच्या चाळीच्या तळाशी दीड कॅरेट कांदे शिल्लक होते. बाकीचे सडून, कोंब येऊन गेल्यावरही टणक राहिलेले, बारके, कुरूप. जुन्या बियाचा काही अंश कुठं राहिला असेल तर तो यांच्यातच. मामांनी मला कापायला शिकवलं. गोटाचा वरचा तिसरा हिस्सा कापला की आतले पापुद्रे दिसतात. सगळे पापुद्रे एकाच मध्याभोवती फिरत असतील तर तो एका डोळ्याचा कांदा, तो लावायचा. दोन डोळे दिसले तर तो जोडकांदा निघणार, तो भाजीला. मामांना आता बारीक दिसत नव्हतं. ते कापावरून अंगठा फिरवून सांगायचे. शेवटी एकशे सदतीस गोट उरले. मी ते विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत लावले. उरलेल्या रानात आमच्या घरात पहिल्यांदा पॅकेट फोडून कांदा टाकला.

गोंडे फुलले आणि आभाळ भरून आलं. आठ दिवस ऊन नाही. दांड्यांवर करपा पडला, निम्मे दांडे मधूनच मोडले. जे उभे राहिले त्यांच्यावर मधमाशी फिरकेना, कारण चहूबाजूंनी डाळिंबांवर औषधाचे फवारे चालू होते. माशी बसली नाही तर फुलात बी धरत नाही. मग मी रोज दहाच्या सुमारास, दव वाळलं की, वाफ्यात उतरायचे आणि या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हलक्या हातानं तळवा फिरवत जायचे. वीस-बावीस दिवस रोज. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. "लेकरांच्या डोक्यावरनं हात फिरवतीय जनू," म्हणून हसायच्या. नवरा रातपाळीवरून आला की विचारायचा, "आज भांग पाडला का त्यांचा?" मी त्यालाच हाताला धरून वाफ्यात उभा करायचे. एवढं करून हाती बी किती आलं? चहाचा एक कप भरून.

त्या कपाकडं बघून मी रडले, आणि रडून झाल्यावर तो बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. दसऱ्यानंतर एका वाफ्यात पेरलं. रोप लावलं. उन्हाळ्यात कांदे काढले ते सात-आठ गोण्या भरले. चाळीचा एक कप्पा त्यांच्यासाठी वेगळा केला आणि मग आलं सगळ्यात अवघड काम, काहीही न करण्याचं. माझ्या स्वभावाच्या बाईला ते फार जड गेलं. रोज जाऊन फटीतून बघायचे. एखादा मऊ दिसला की काढावासा वाटायचा, बाकीच्यांना वारा घालावासा वाटायचा. मामा बाजेवरून म्हणायचे, "सडतंय ते सडू दे. तू मधी पडू नको." दसऱ्याला निम्म्याहून जास्त गेलेले होते. पण राहिले ते दगडासारखे होते. ते कापले, दोन डोळ्यांचे काढले, लावले. या वेळी आभाळानं त्रास दिला नाही. एक डबा भरून बी आलं.

या सगळ्या काळात अक्का माझ्याशी बोलत होत्या, पण कामापुरतं. मोटर चालू कर, बांधावरचं काटेरी कुंपण बघ, पोस्टमन आला होता. आमच्या ओट्यावर मात्र त्या बसल्या नाहीत. सणावाराला वाण द्यायला आल्या तरी उंबऱ्यातूनच देऊन परत. मला ते दर वेळी लागायचं. नवरा म्हणायचा, सोड आता, किती मनावर घेशील. तो कंपनीतला माणूस, त्याचा माल संध्याकाळी गाडीत चढला की विषय संपतो.

डबा भरला तशी लोकांना खबर लागली. दसऱ्याला चौघे-पाच जण फडकी घेऊन आलेही. मी कुणाला दिलं नाही. एक उन्हाळा आणि एक दसरा या बियाचा कांदा दुसऱ्याच्या चाळीत काढेल तेव्हाच देईन, असं सांगितलं. एक जण म्हणाला, "लई ताठा आला की तुमाला." आला तर आला. फक्त एक पुडी बांधून मी अक्कांकडं गेले.

अक्का जात्यापाशी बसून हरभरा निवडत होत्या. मी पुडी समोर ठेवली.

"ह्ये घिऊन मी काय करू?"

"एकच वाफा टाका, अक्का. बाकी रानात तुमचं पॅकेटच असू द्या. चाळीत ह्यो कांदा येगळा ठेवा अन् दसऱ्याला बघा. न्हाई टिकला तर मला सांगा. मी परत पहिल्यापासनं लागते."

"तुला लई येळ हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

त्यांनी पुडी उचलून कोनाड्यात ठेवली. पेरीन म्हणाल्या नाहीत, नाही पेरणार असंही म्हणाल्या नाहीत. महिन्यानं बांधावरून मला त्यांच्या रानाच्या कोपऱ्यात एक वाफा दिसला, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या लावलेला. मी पूर्ण वर्षभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला ओळखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढच्या दसऱ्यानंतरची सकाळ. माझे गोट मी ओट्यावर कापत बसले होते, मामा बाजेवर. समोरून अक्का आल्या, डोक्यावर पाटी. त्या थेट ओट्याची पायरी चढल्या आणि पाटी खाली ठेवून बसल्या. त्या ओट्यावर बसलेल्या मी पाच वर्षांनी पाहत होते. मी विळी बाजूला ठेवून बियाच्या डब्याकडं निघालेसुद्धा.

"बस," अक्का म्हणाल्या. "बी नको मला."

पाटीत कांदे होते. बारके, मान वाळलेली, टरफलं उडालेली. मी एक उचलून दाबला. बोट कुठं आत गेलं नाही.

"यवढे राहिले," अक्का म्हणाल्या. "आता त्यो डोळा कसा बघायचा तेवढं दाव. हितनं पुढं माझं बी मी धरनार. दुसऱ्याच्या भरवशावर एकदा राहिले, तेवढं बास झालं."

मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं दात-ओठ खाऊन राबले होते ते आता कधीच होणार नव्हतं. अक्का फडकं पसरणार नव्हत्या. मला वाईट वाटलं. मला वाटत होतं की त्या माफ करतील, तसं काही तोंडानं बोलतीलही. त्यांनी फक्त टिकलेले कांदे आणले होते. मनात म्हटलं, यावर तक्रार करायचा आपल्याला काय अधिकार? मी आत जाऊन दुसरी विळी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

पहिले चार मी कापून दाखवले. हा एक डोळा, हा दोन, हा बघा कसा फसवतो, वरून गोल दिसतो आणि आत फुटलेला असतो. पाचव्यापासून अक्कांनी मला बोलूच दिलं नाही. स्वतः कापायच्या, उजेडाला धरायच्या, एकतर डावीकडं नाहीतर भाजीच्या टोपलीत. हात आखडता घेत नव्हत्या. ऊन ओट्यावर आलं तेव्हा त्यांची पाटी निम्म्यावर आलेली होती. मामांनी बाज सावलीला ओढली.

मग अक्कांनी काही न विचारता माझ्या निवडलेल्या ढिगात हात घातला. एक गोट उचलला, तिरपा करून पाहिला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यो दोन डोळ्यांचा हाय."

"न्हाई अक्का, एकच हाय. मी बघितलाय त्यो."

"नीट बघ."

मी चष्मा पुसून बघितला. मोठ्या डोळ्याच्या कडेला, तांदळाच्या कणीएवढा, दुसरा डोळा फुटायला लागला होता.

मी तो भाजीच्या टोपलीत टाकला आणि सकाळपासून निवडलेला ढीग परत पहिल्यापासून बघायला घेतला. अक्कांनी त्यातला निम्मा आपल्याकडं ओढून घेतला.